तपासलं कोणी?

2025 साली महाराष्ट्रात मांसावरून दोनदा गदारोळ झाला. मार्चमध्ये झटका पद्धतीचं, म्हणजे एका घावात कापलेलं, मटण विकणाऱ्या हिंदू खाटकांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली आणि मटण कोणाच्या हातचं घ्यावं यावर वाद पेटला. ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. आणखी काही महापालिकांचे तसेच आदेश निघाले, 1988 च्या जुन्या निर्णयाचा दाखला दिला गेला, सत्ताधाऱ्यांमध्येच मतभेद झाले, खाटीक समाज रस्त्यावर उतरला. दोन्ही वेळी मी वाहिन्यांवरच्या चर्चा शेवटपर्यंत ऐकल्या. एक बाजू म्हणत होती, भावनांचा मान ठेवा. दुसरी म्हणत होती, आमच्या ताटात डोकावू नका. मटण कोणी कापावं आणि कोणत्या दिवशी कापू नये, एवढ्याभोवतीच सगळं फिरत राहिलं. बाकीच्या दिवशी जे मांस आपण पिशवीतून घरी नेतो ते तपासतं कोण, हे मी ऐकलेल्या एकाही चर्चेत कोणी विचारलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. एका दिवसाची बंदी किंवा दुकानाबाहेरची पाटी याला मी नियमन मानत नाही. जनावर मारण्याआधी आणि मारल्यानंतर शिकलेला पशुवैद्यक तिथे रोज हजर असणं, त्याचा पगार त्या धंद्याच्या उत्पन्नावर अवलंबून नसणं आणि 'थांबा' म्हणाला तर काम खरंच थांबणं, याला मी नियमन म्हणतो. आणि त्याने ज्या दोन गोष्टी बघायच्या, खाणाऱ्याचं आरोग्य आणि जनावराचे हाल, त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. आपण त्या सुट्या केल्या. आरोग्य अन्न व औषध प्रशासनाकडे टाकलं, हाल प्राणिमित्रांच्या गळ्यात घातले, आणि दोन्हींकडे कोणीच बघेनासं झालं.

कायदा नाही अशातला भाग नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखाली 2001 साली कत्तलखान्यांसाठी वेगळे नियम झाले. परवाना असलेल्या जागेबाहेर कत्तल करायची नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी, तीन महिन्यांच्या आतलं कोकरू किंवा करडू, पशुवैद्यकाने प्रमाणपत्र न दिलेलं जनावर, यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. एका जनावरासमोर दुसरं मारायचं नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नियम असा, की एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. हा आकडा ज्याने लिहिला त्याला हे काम ठाऊक होतं. एका जनावराला पाच मिनिटं, म्हणजे ते चालतं कसं, डोळे कसे आहेत, तोंडात किंवा खुरात फोड आहेत का, धाप लागली आहे का, एवढं नीट बघायला लागणारा वेळ. आता साधा गुणाकार करा. एखाद्या मोठ्या शहराच्या कत्तलखान्यात दिवसाला 1000 शेळ्या-मेंढ्या कापल्या जात असतील, तर नुसत्या या पहिल्या तपासणीला 11 पशुवैद्यक लागतात. कापल्यानंतर काळीज, फुप्फुसं, गाठी उघडून बघायच्या ते काम पुन्हा वेगळं. आपल्या शहरात हे काम करणारे किती जण आहेत, कोणाला माहीत आहे?

नियम मोडला तर काय होतं तेही बघू. 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान 10 रुपये आणि जास्तीत जास्त 50. पन्नास रुपयांत आज अर्धा किलो कोंबडीही येत नाही. ही कमाल रक्कम 1960 पासून हललेली नाही. 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, पण त्याचा कायदा काही झाला नाही. मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो. जनावराला वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा त्याच कलमाखाली गुन्हा आहे, हे बघणाऱ्यालाही माहीत नसतं आणि नेणाऱ्यालाही.

'आपली संस्कृती' हा शब्द या वादात दोन्हीकडून इतका वापरला जातो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कत्तलखान्यावरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे सूनाध्यक्षाला, एक आख्खा अध्याय दिला आहे. मांस ताज्या मारलेल्या जनावराचंच विकायचं. कत्तलखान्याबाहेर मारलेल्याचं, दुर्गंधी सुटलेलं किंवा आपोआप मेलेल्या जनावराचं मांस विकलं तर 12 पण (त्या काळचं नाणं) दंड. मापात मारलं तर जितकं कमी दिलं त्याच्या आठपट. आणि जनावर हालहाल करून मारलं तर 50 पण. त्याच ग्रंथात राजसेवेतल्या अगदी खालच्या सेवकांचं वेतन 60 पण सांगितलं आहे आणि ते वर्षाचं वेतन मानण्याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे हाल करून मारण्याचा दंड गरीब माणसाच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईइतका. आज तोच आकडा आहे, 50, फक्त रुपयांत. त्या काळी हे सगळं अमलात येत होतं असा माझा दावा नाही. पण खराब मांस आणि जनावराचे हाल ही एकाच अधिकाऱ्याची, एकाच अध्यायातली जबाबदारी आहे, एवढं त्या ग्रंथकाराला कळत होतं. आपण तेवढंही का विसरावं?

या दोन गोष्टी एकच का आहेत, ते मांसाच्या आतच दिसतं. जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. शांतपणे मारलेल्या जनावराच्या मांसात मृत्यूनंतर तिचं लॅक्टिक आम्ल होतं, मांसाचा सामू (आम्लतेचं माप, pH) 5.5 च्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात जंतूंची वाढ मंदावते. पण राजस्थान-गुजरातहून ट्रकमध्ये दाटीवाटीने उभं राहून आलेलं, उपाशी, घाबरलेलं, धडपडलेलं बोकड ती साखर वाटेतच जाळून बसतं. मग आम्ल बनायला काही उरत नाही. असं मांस गडद, चिकट दिसतं, सामू 6 च्या वर राहतो आणि ते लवकर नासतं. ताणाखाली असलेल्या जनावराच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू जास्त बाहेर पडतात, गर्दीत ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि कातडी सोलताना धडाला लागतात. तेव्हा कत्तलीआधीची विश्रांती, पाणी आणि पाय टाकायला जागा या गोष्टी जनावरावर उपकार म्हणून द्यायच्या नसतात. त्या आपल्याच रश्शाची पहिली तपासणी आहेत.

अमेरिकेने हे फार मोठी किंमत मोजून शिकलं. शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या एका कादंबरीने खळबळ उडवल्यावर 1906 साली तिथे मांस तपासणीचा कायदा झाला. प्रत्येक धडाला सरकारी तपासनिसाची नजर. जनावराला कमीत कमी वेदना देऊन मारण्याचा कायदा व्हायला मात्र 1958 उजाडलं, आणि त्यातूनही कोंबड्या बाहेरच राहिल्या. दोन कायद्यांमधल्या बावन्न वर्षांत मांस आणि जनावर ही दोन वेगळी खाती झाली. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिनो गावच्या एका कत्तलखान्यातलं छुपं चित्रीकरण बाहेर आलं. उभ्याही राहू न शकणाऱ्या गाईंना फोर्कलिफ्टने ढकलून, विजेचे झटके देऊन कत्तलीकडे नेत होते. चित्रीकरण केलं प्राणिमित्रांनी, विषय होता क्रूरतेचा. पण जी गाय उभी राहू शकत नाही तिला मॅड काऊसारखा मज्जातंतूंचा आजार असण्याची शंका घ्यावी लागते. त्या कत्तलखान्याने 14 कोटी 30 लाख पौंड मांस परत मागवलं, तोवर अमेरिकेत एवढं मांस कधीही परत मागवलं गेलं नव्हतं, आणि त्यातलं बरंच मांस शाळेतल्या मुलांच्या जेवणात जाऊन संपलेलंही होतं. हालांची खूण डोळ्यांपुढे असताना ती कोणी वाचली नाही, म्हणून धोका ताटापर्यंत पोचला.

यावर एक जबरदस्त आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. चिनोमध्ये सरकारी तपासनीस होते की! रोज येत होते. मग तपासनीस नेमून काय साधलं? 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या एका मांसप्रक्रिया कारखान्यातल्या लिस्टेरिया जंतूंनी 10 माणसं दगावली. तिथेही तपासनिसांनी आधीच्या वर्षभरात 69 वेळा दोष लिहून ठेवले होते. आपल्याकडचा वाचक तर लगेच म्हणेल, तपासनीस आला म्हणजे हप्ता आला. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? नजर नको असा, की नजरेला दात हवेत असा? व्हर्जिनियात दोष दिसले होते, लिहिले होते. कारखाना थांबवला गेला नाही आणि नोंदी वेळेवर लोकांपुढे आल्या नाहीत. इंग्लंडने 2018 पासून प्रत्येक कत्तलखान्यात, जिवंत जनावर असेल अशा प्रत्येक जागी कॅमेरे सक्तीचे केले. चित्रण 90 दिवस ठेवायचं आणि सरकारी पशुवैद्यक मागेल तेव्हा दाखवायचं. त्याच ब्रिटनमध्ये मॅड काऊच्या संकटाने आणखी एक धडा दिला होता. शेतीमालाचा धंदा वाढवणारं आणि त्याच मालापासून लोकांचं रक्षण करणारं मंत्रालय एकच होतं. गाईंमधला आजार 1986 मध्ये ओळखला गेला, माणसांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता सरकारने मान्य केली ती 1996 मध्ये. मग 2000 साली अन्नसुरक्षेसाठी वेगळी संस्था उभी राहिली.

हा धडा आपल्याला थेट लागू आहे. आपल्याकडे कत्तलखाना बांधते महापालिका, जनावरामागे शुल्क घेते महापालिका आणि तपासणीचा शिक्का मारणारा पशुवैद्यकही महापालिकेचाच. अन्नपरवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, वाहतुकीतली क्रूरता पोलिसांकडे, रोगराई पशुसंवर्धन विभागाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पाच दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजावरचा माणूस दुसऱ्या दरवाजाकडे बोट दाखवतो. एकाच्या हातात अधिकार असतील तर निदान जाब कोणाला विचारायचा ते कळेल.

दुसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. कडक नियम आले की बळी जातो तो छोट्या खाटकाचा. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या, स्वतःच्या दुकानामागे दोन बोकडं कापणाऱ्या माणसाने शीतगृह, टाइल्स, सांडपाणी प्रक्रिया हे सगळं कुठून आणायचं? 2017 मध्ये उत्तर प्रदेशात 'बेकायदा' कत्तलखान्यांवर कारवाई झाली तेव्हा नेमकं हेच घडलं. मोठे निर्यातदार तगले, गल्लीतली दुकानं बंद पडली. हा अन्याय होता हे मी मान्य करतो. पण तो नियमाचा दोष की जागा न देणाऱ्याचा? त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या सरकारला बजावलं, की परवाने द्यायचे नाहीत, सोयी उभारायच्या नाहीत आणि वर लोकांचा धंदा बेकायदा ठरवायचा, असं चालणार नाही. आपल्याकडचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे आणि सार्वजनिक बाजार व कत्तलखाने बांधणं, चालवणं हे त्या यादीत आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही कत्तलखान्यांचं नियमन नगरपालिकांच्या कामांत येतं. ज्यांना स्वातंत्र्यदिनी दुकानं बंद ठेवण्याचा अधिकार आठवला, त्यांना हे कर्तव्य का आठवू नये? मी ज्या शहरात राहतो तिथल्या माझ्या नेहमीच्या खाटकाला मी एकदा विचारलं, धडावर शिक्का का नाही? तो म्हणाला, "दादा, शिक्का मारायला आधी कत्तलखाना लागतो. आम्ही तीन वेळा अर्ज दिला." त्याच्यावर छापा घालणं सोपं आहे. त्याला पाण्याचा नळ, उतरता सिमेंटचा ओटा, टांगायचे हूक आणि सकाळी पाच वाजता हजर असणारा पशुवैद्यक देणं अवघड आहे, आणि महापालिकेचं काम नेमकं तेच आहे. मुंबईत देवनारचा कत्तलखाना 1971 पासून चालतो. त्यात त्रुटी कितीही असोत, खाटकाने जनावर तिथे आणायचं आणि सोयी पालिकेने पुरवायच्या ही त्यामागची कल्पना बरोबरच आहे.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा. आपण काय कच्चं खातो? मटण तासभर रटरटतं, कुठला जंतू जगणार? शिवाय कोंबडी डोळ्यांदेखत कापून घेतो, याहून मोठी तपासणी कोणती? या शहाणपणाला मी हसणार नाही. ताजं मांस आणि दीर्घ शिजवणं यांनी आपल्याला खरोखरच वाचवलं आहे. पण ज्या हाताने कोंबडी धुतली त्याच हाताने आपण कोशिंबिरीचा कांदा चिरतो. कोंबड्यांना दिलेल्या औषधांचे अवशेष शिजवून पूर्ण जातातच असं नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक पोल्ट्रीत सर्रास वापरलं जात होतं आणि 2019 मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. आणि काही धोके तर ताटातून येतच नाहीत. शेळी-मेंढीच्या काळजात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी सापडतात, हायडॅटिड या कृमीमुळे होणाऱ्या आजाराच्या. खाटीक त्या कापून बाजूला टाकतो, दुकानामागचं कुत्रं त्या खातं, त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी मातीत आणि भाजीपाल्यात जातात आणि माणसाच्या यकृतात तशीच गाठ धरते. ज्याने आयुष्यात मटणाला हात लावला नाही अशा माणसालाही हा आजार होऊ शकतो. खराब काळीज कचराकुंडीत जातं की पुरलं जातं, हे बघणारा माणूस तिथे हवा तो यासाठी. डोळ्यांदेखत कापून घेणाऱ्या गिऱ्हाईकाला कोंबडीचे पंख दिसतात. तिच्या आतलं काय बघायचं ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

याच कोंबडीकडे नियमांचं सर्वांत कमी लक्ष आहे. देशातल्या मांस उत्पादनात जवळजवळ निम्मा वाटा कोंबडीचा. अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत दिवसाला 2 मोठी, 10 लहान जनावरं किंवा 50 कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला नुसती नोंदणी पुरते. 50 च्या वर राज्याचा परवाना, 1000 च्या वर केंद्राचा. वस्तीतल्या चालत्या दुकानात रविवारी सकाळी दहापर्यंतच 50 पक्षी कापून होतात. अशा दुकानांपैकी कितींकडे परवाना आहे?

चौथा आक्षेप ज्यांना मांसच मान्य नाही त्यांचा. ते म्हणतात, 'दयेने केलेली कत्तल' हा वदतोव्याघात आहे. असे नियम फक्त खाणाऱ्याच्या मनाची टोचणी कमी करतात. या भूमिकेचा मला आदर आहे आणि तिच्यातला प्रामाणिकपणा बंदीच्या राजकारणात नाही हेही मी जाणतो. पण उद्या पहाटे जे बोकड कापलं जाणार आहे त्याला आज रात्री पाणी मिळणार की नाही, हा प्रश्न तत्त्वाच्या निकालासाठी थांबत नाही. मांस नको म्हणणाऱ्यांनी कत्तलखान्याकडे पाठ फिरवली आणि मांस खाणाऱ्यांनी डोळे मिटले, तर त्या बोकडाच्या बाजूने तिथे कोण उरतं?

राहिला हलाल आणि झटक्याचा वाद. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने मारणं हा गुन्हा नाही असं 1960 च्या कायद्याचं कलम 28 सांगतं, आणि ते कलम मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पण न्यूझीलंडकडे बघा. तिथून मुस्लिम देशांना जाणारं हलाल मांस डोक्याला विजेचा असा धक्का देऊन कापलं जातं की जनावर शुद्ध हरपतं पण मरत नाही. सोडून दिलं तर पुन्हा उठून उभं राहतं. धर्मही राहिला, वेदनाही कमी झाली. हे पाटीवरच्या नावाने झालं नाही, माणसं एका टेबलाभोवती बसली म्हणून झालं. आणि सुरी कोणाच्याही हातात असो, ती बोथट असेल तर? उभं जनावर दुसऱ्याचं रक्त बघत असेल तर? हे प्रमाणपत्रावर कुठे लिहिलेलं असतं?

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या जगातल्या आघाडीच्या देशांत भारत आहे. त्या कारखान्यांना अपेडाची, म्हणजे शेतीमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी लागते, जनावर आधी आणि नंतर तपासलं जातं, शीतसाखळी तुटत नाही. मलेशियासारखा देश तर आपले अधिकारी पाठवून कारखाना बघतो आणि मगच माल घेतो. म्हणजे क्वालालंपूरच्या गिऱ्हाईकासाठी आपण काय करू शकतो ते सिद्धच आहे. डोंबिवलीच्या गिऱ्हाईकासाठी ते होत नाही, कारण त्याने मागितलेलं नाही.

म्हणून मी माझ्या महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून चार गोष्टी विचारल्या : गेल्या वर्षी कत्तलीआधी किती जनावरं तपासली, ती तपासणारे पशुवैद्यक किती होते, किती जनावरं परत पाठवली आणि किती धडं किंवा काळजं खाण्यास अयोग्य म्हणून नष्ट केली. शेवटच्या आकड्याची मी वाट बघतो आहे. हजारो जनावरांत एकही रोगी निघालं नाही असं होत नसतं. तिथे शून्य लिहून आलं, तर तपासणीच्या टेबलापाशी वर्षभर कोणीच नव्हतं असा त्याचा अर्थ होईल. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.